गळतीचा उगम

उतारावर चिमीने ब्रेक दाबला आणि पेडल चिखलात पाय रुतावा तसं थेट खाली गेलं. पुढे बस उभी होती. एका हाताने गिअर खाली ओढला, मग हँडब्रेक खेचला. पाय पेडलवर दणादण आपटतच होता. गाडी बसच्या मागे हातभर अंतरावर कशीबशी थांबली. पुढचा रस्ता सपाट होता. ओळखीच्या चौघांनी ढकलत गाडी घरी आणली आणि जाता जाता फुकटचा सल्लाही दिला, "बाई, आता हिला भंगारात द्या."

चिमी बावन्न वर्षांची, शाळेत भूगोल शिकवायची. पण वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या लेखी ती अजून चिमीच. गाडी घरात आली तेव्हा ती चौथीत होती. सल्ला तिलाही थोडा पटला होता.

अण्णा ओट्यावर बसले होते. त्यांनी चाळीस वर्षं बसच्या वर्कशॉपमध्ये फोरमनकी केली होती. आता डोळे गेले होते. उजेड आणि सावली एवढंच कळायचं.

"भंगार म्हणे," ते म्हणाले. "आधी दुखणं कळू दे, मग रडा. बॉनेट उघड. ब्रेक ऑइलच्या बाटलीत किती आहे?"

"तळाला गेलंय, अण्णा."

"ते उडून जात नाही, कुठेतरी गळतंय. चारही चाकांखाली आणि इंजिनखाली पुठ्ठे ठेव. मग पेडल दहा-बारा वेळा दाब."

चिमीने दाबलं. खाली उतरून वाकून पाहिलं, तर इंजिनखालच्या पुठ्ठ्यावर मोठा डाग. "सापडलं!" म्हणत तिने पुठ्ठा अण्णांच्या हातात दिला. अण्णांनी बोट फिरवलं, दोन बोटांत चोळून पाहिलं.

"हे इंजिनचं. काळं असेल बघ. हिचं हे रडगाणं वीस वर्षांचं आहे, त्याच्याशी आज आपलं भांडण नाही. पुढे बघ."

नद्यांचे उगम तोंडपाठ असलेल्या बाईला गळतीचा उगम काही सापडेना. शेवटी मागच्या डाव्या चाकाशी तिने हात घातला. टायर आतल्या बाजूने ओला लागला. पुठ्ठ्यावर पिवळसर, पातळ ओल होती.

अण्णांनी बोट लावलं आणि त्यांचा चेहरा खुलला. "हेच! चाकातला ब्रेकचा सिलिंडर गेला. आतलं रबर म्हातारं झालंय, माझ्यासारखं. आता हात धू आधी. आणि पत्र्याला लावू नकोस, रंग सोलून काढतं ते."

गॅरेजवाल्याने फोनवर गाडीचं वय ऐकून नुसतं "बघू" म्हटलं. त्या "बघू"चा अर्थ दोघांनाही कळला.

"आपणच करू," अण्णा म्हणाले. "डोळे तुझे, डोकं माझं."

जॅक लावून, दुसऱ्या चाकांना दगड देऊन, खाली भक्कम स्टँड ठेवून चिमीने चाक काढलं. ब्रेकचा ड्रम गंजून बसला होता. लाकडी हातोड्याने चहूबाजूंनी ठोकल्यावर तो कुरकुरत सुटला. आत सगळं ओलंचिंब, ड्रमला घासून चाक थांबवणारं लायनरसुद्धा. कुठली स्प्रिंग कुठे जाते त्याचं चित्र तिने वहीत काढून घेतलं.

"लायनर पुसून चालणार नाही का?"

"ऑइल प्यायलेलं लायनर विश्वासाचं नाही. दोन्ही बाजूंची नवी आण, नाहीतर गाडी एका अंगाला ओढेल. सिलिंडर आण, आणि ऑइलची सीलबंद बाटली."

पार्टवाल्याने चष्मा वर केला. "ही गाडी अजून चालते, बाई? मला वाटलं शोकेसमध्ये ठेवली असेल." पण माळ्यावर शोधून त्याने सिलिंडर आणून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं जागच्या जागी बसलं. राहिलं होतं ते पाइपातली हवा काढायचं काम. त्याला दोन माणसं लागतात. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकामागचा छोटा स्क्रू सैल करून हवा बाहेर काढायची, स्क्रू बंद झाला की मगच पहिल्याने पाय उचलायचा.

अण्णा चाचपडत ड्रायव्हरच्या सीटवर बसले. सहा वर्षांनी. त्यांनी स्टिअरिंगवर हात ठेवला. चिमी जमिनीवर पसरली. स्क्रूला लावलेली नळी तिने ऑइल भरलेल्या बरणीत बुडवली.

"दाबा."

"धरलंय."

बरणीत बुडबुडे आले. तिने स्क्रू आवळला. "सोडा."

असं पाच-सात वेळा झालं. मध्ये उठून तिने बॉनेटखालच्या बाटलीत ऑइल भरलं. पुन्हा "दाबा" म्हटलं, तर वरून अण्णांचं हसू ऐकू आलं.

"अण्णा?"

"धरलंय गं. तुझी आई इथे बसायची, ते आठवलं. मांडीवर मटाराची परात घेऊन. पाय पेडलवर, हात शेंगांवर."

"मी मागच्या सीटवर असायचे. मला वाटायचं, तुम्ही दोघं खेळताय."

"खेळतोय कसले! एकदा तीन दिवस आमचा अबोला होता. तिला गाडी शिकायची होती आणि मी नको म्हणत होतो. नेमकी हवा काढायची वेळ आली. तासभर मी नुसतं दाब आणि सोड म्हणतोय, ती नुसतं धरलंय म्हणतेय. शेवटी काम झालं. मी म्हटलं, सोड. ती म्हणाली, सोडलं. तिच्या आवाजावरून मला कळलं, ती पेडलचं नाही, रागाचं बोलत होती."

चिमी पाना हातात धरून आडवीच राहिली. डोळ्यांच्या कडेने पाणी कानात गेलं, ते पुसायला हात स्वच्छ नव्हता.

"मग?"

"मग काय, दुसऱ्याच दिवसापासून शिकवायला लागलो. आता स्क्रू आवळ, माझी पोटरी दुखायला लागली."

बुडबुडे थांबले. पेडल घट्ट झालं, अर्ध्यावर येऊन दगडासारखं थांबायला लागलं. चिमीने सगळे जोड कोरडे पुसले, ब्रेक करकचून दाबून पुन्हा पाहिले. थेंब नव्हता. मग तिने अण्णांना शेजारी बसवलं आणि गल्लीत माणसाच्या चालीने गाडी पुढे नेली. दाबला की थांबतेय, पुन्हा दाबला की पुन्हा थांबतेय.

"झकास," अण्णा म्हणाले. "आता जुन्या गोदामाकडे घे. तिथल्या मोकळ्या जागेत गाडी शिकली तुझी आई."

वळणं ते अंग कलण्यावरूनच ओळखत होते. चिमीने गाडी बाजूला घेतली.

"गोदामाची लांब भिंत आहे ना अजून?"

समोर सात मजली इमारती होत्या. वाळत घातलेले कपडे, सायकली. खोटं बोलावं असं तिला वाटलं, पण जीभ वळली नाही. "नाही, अण्णा. पाडली. घरं झालीत आता."

अण्णा खुदकन हसले. "बरं झालं. तुझ्या आईने दोनदा गाडी ठोकली होती तिच्यावर."