भरल्या गाडीचा बैल

शहाण्णव साली आप्पांच्या तळपायात बाभळीचा काटा मोडला, तेव्हा दवाखान्यात जायचं सोडून त्यांनी बिब्ब्याचा चटका घेतला. माझ्या वडिलांचं सगळं असंच. घोडेगावच्या बाजारात बैल पारखायला लोक त्यांना मुद्दाम सोबत न्यायचे, त्यामुळे जगातलं सगळंच आपल्याला कळतं अशी त्यांची समजूत. पाय सुजून काळानिळा पडल्यावर आईने त्यांना टेम्पोत घातलं आणि नगरला मी काम करते त्याच दवाखान्यात आणलं. मी तिथल्या लॅबमध्ये जंतू तपासते.

जखमेतला पू मी काचेच्या बशीत वाढवला आणि वर औषधांच्या टिकल्या ठेवल्या. जंतू मरतात तिथे टिकलीभोवती स्वच्छ वर्तुळ उमटतं. एका औषधाचं वर्तुळ रुपयाएवढं, दुसऱ्याचं जेमतेम. आप्पांनी बशी बघायला मागितली, मीही हौसेने दाखवली. मोठ्या वर्तुळाचं औषध सुरू झालं आणि सगळे निर्धास्त झाले.

ताप मात्र हटेना. सर्जन म्हणाले, योग्य औषध देऊनही उतार नाही, म्हणजे पायात रक्तच पोचत नसणार. परवा घोट्याच्या वर कापू. आईने भिंतीकडे तोंड फिरवलं. मला सर्जनचा राग आला आणि त्याहून जास्त त्या बशीचा.

मी आप्पांच्या पायावर हात ठेवून बसले. पाय गरम होता, बोटाला नाडी लागत होती. रक्त पोचत होतं, मग औषध कुठे अडत होतं? रक्तात प्रथिनं असतात. काही औषधं त्यांना चिकटून बसतात आणि चिकटलेलं औषध जंतूंच्या वाटेला जात नाही. मोकळं उरेल तेवढंच कामाचं. माझ्या बशीत आप्पांचं रक्त नव्हतंच.

त्यांचं थोडं रक्त काढून ते साकळू दिलं आणि वरचं पिवळसर पाणी वेगळं केलं; ती प्रथिनं त्यातच असतात. त्यात त्यांचेच जंतू घातले, एका नळीत एक औषध, दुसरीत दुसरं. सकाळी मोठ्या वर्तुळाच्या औषधाची नळी गढूळ, म्हणजे जंतू मजेत. दुसरी नितळ. दोन्ही नळ्या सर्जनपुढे ठेवल्या. त्यांनी त्या उजेडात धरून पाहिल्या, औषध बदललं आणि कापायचं दोन दिवस पुढे ढकललं.

अडून बसले ते आप्पा. ते बारकं वर्तुळ त्यांनी स्वतः पाहिलं होतं.

"असलं मरतुकडं औषध मला नगं, यशोधरे."

"आप्पा, बैल नुसता उभा बघून घेता का तुम्ही?"

"न्हाई. भरल्या गाडीला जुंपून, वाळूतनं वढायला लावून घेतो."

"तुमचं रक्त म्हणजे भरली गाडी. तुमचा तो मोठा बैल तिथे बसला."

आप्पांनी बाही वर सारली. मग त्यांनी सुईसाठी हात पुढे केला.

दुसऱ्या संध्याकाळी ताप उतरला. सर्जननी कापायचं रद्द केलं. करंगळी गेली, पाय राहिला.

घरी जायच्या दिवशी आईने व्हीलचेअर मागवली. आप्पांनी ती परत पाठवली. कपड्यांचं, भांड्यांचं गाठोडं आईच्या हातून ओढून स्वतःच्या डोक्यावर घेतलं आणि लंगडत टेम्पोकडे निघाले. मी अडवायला धावले.

"सरक बाजूला," आप्पा म्हणाले. "रिकामं चालून काय कळतंय?"

टेम्पोपर्यंत ते तसेच गेले. मी दवाखान्याच्या दारात सगळ्यांदेखत रडले.