दोन उंबऱ्यांमधली लाईट

मी लाईट बोलतेय. दचकू नका आणि बटण दाबायलाही उठू नका. मी बल्ब नाही, तार नाही, मीटरमधून धावणारी वीजही नाही. मी नुसता शब्द. तुमच्या जिभेवर रोज येते-जाते, पण माझी विचारपूस आजवर कुणी केली नाही. म्हटलं, आपणच सांगावं.

माझं माहेर इंग्रजीत. तिथला माझा थाट काय सांगू! मी म्हणजे उजेड, हे तर झालंच. शिवाय मी म्हणजे हलकं, मी म्हणजे फिकट, मी म्हणजे पेटवणं. पाखरू फांदीवर अलगद उतरलं तर ते उतरणंही मीच. चोरट्या माणसाच्या बोटांना माझं नाव लावतात, जरा खुट्ट झालं की मोडणाऱ्या झोपेलाही माझंच. लपवलेली गोष्ट माझ्यात आली की फुटली म्हणायची. बोगद्याच्या टोकाला मी दिसले की समजायचं, आता सुटलो. एखाद्या बाईला नवरा फार आवडत असेल तर ती त्याला आपल्या आयुष्यातली मी म्हणते. अशी मी घरभर पुरून उरणारी लेक होते.

तिथे मला बाई-बुवा काही नव्हतं. इकडे सातारा-सांगलीत आले आणि लोकांनी मला बाई करून टाकलं. पुण्याकडची मंडळी म्हणतात, 'लाईट गेले.' कुणी मामा निरोप घेऊन गेल्यासारखे. आमच्याकडे 'लाईट गेली', भांडून माहेरी निघून गेल्यासारखी. मला आमच्याकडचंच आवडतं. रुसायची सोय असली की सासर आपलं वाटतं.

कवठे महांकाळजवळच्या एका लहान गावात मी विजेच्या खांबाच्या, म्हणजे आमच्याकडच्या डांबाच्या आधी पोचले, हे कुणाला खरं वाटायचं नाही. रजेवर आलेला एक फौजी पारावर बसून सांगत होता, "तिकडं लाईट असती. बटान दाबलं की दिवस." मंडळी हसली. पुढे डांब आले, तारा आल्या, घरोघरी पिवळे बल्ब आले, पण मी आधीच सगळ्यांच्या तोंडी बसलेली होते.

मग काय, लोकांनी मला राबवलं. माधवनगरच्या यंत्रमागांवर मी गेले की खडखडाट थांबायचा आणि माणसं घाम पुसत बाहेर यायची. साडीच्या दुकानात मी फिकट रंग झाले. डॉक्टरने आजाऱ्याला सांगितलं, "दोन दिवस लाईट जेवा," की मी ताक-भात झाले. उशिरा समजणाऱ्या माणसाला ट्यूबलाईट म्हणायची रीत तर मला फार आवडते. माहेरी कुणाला सुचली नाही ती. आता कॉलेजची पोरं एकमेकांना म्हणतात, "लाईट घे रं गड्या." म्हणजे मनाला लावून घेऊ नकोस. फार शहाणा सल्ला आहे. पण ज्या दोघींची गोष्ट मी सांगणार आहे, त्यांना हा सल्ला द्यायला कुणी नव्हतं.

एक बनुबाई, दुसरी रहिमतबी. दोन घरांत कंबरभर उंचीची एक भिंत आणि एकच अंगण. बनुबाईचा नवरा शेती बघायचा, रहिमतबीचा नवरा पीरमहंमद गवंडी होता. ती भिंत त्यानेच बांधली आणि बायकांना भांडी देता-घेता यावीत म्हणून मुद्दाम बुटकी ठेवली. दोघी एका वर्षी लग्न होऊन आलेल्या. एकीची पोरं दुसरीच्या चुलीपाशी जेवून झोपायची.

मग बनुबाईच्या लेकीचं, क्रांतीचं लग्न ठरलं. आमच्या गावात आवतनाचे प्रकार असतात. 'घरटी एक' म्हटलं की घरातल्या एकाने जेवायला जायचं. 'चूलबंद' म्हटलं की त्या दिवशी त्या घरी चूल पेटवायची नाही, सगळ्यांनी यायचं. बनुबाईने गावभर आवतन फिरवलं, रहिमतबीला मात्र दिलं नाही. तिचं म्हणणं साधं होतं. परक्याला आवतन देतात, घरच्याला कोण देतं? घरची माणसं चार दिवस आधी येऊन कामाला लागतात. रहिमतबीसारख्या बारीक शेवया गावात कुणाच्या होत नव्हत्या. म्हणून बनुबाईने शेवयांचा पाट तिच्यासाठी राखून ठेवला आणि दुसरीला हात लावू दिला नाही.

तिकडे रहिमतबी नवं लुगडं घडी करून बसलेली. गावातल्या प्रत्येक दारात आवतन गेलं, फक्त तिच्या दारात नाही. शेजारच्या बायका विचारायला लागल्या, तेव्हा तिने आतून कडी लावून घेतली. वरात तिच्या दारावरून वाजत गेली. बनुबाईला वाटलं, माझ्या लेकीच्या लग्नाला ही आली नाही. रहिमतबीला वाटलं, हिने मला बोलावलं नाही. दोघींचंही खरंच होतं, त्यामुळे माघार कुणी घ्यायची हा प्रश्नच आला नाही. अबोला सुरू झाला.

त्याच वर्षांत भारनियमन आलं. रोज संध्याकाळी मी जायची. घरात उकाडा, पंखा बंद, म्हणून सगळं गाव उंबऱ्यावर. या दोघीही आपापल्या उंबऱ्यावर, मध्ये ती बुटकी भिंत आणि डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा अंधार.

एका संध्याकाळी बनुबाई लिंबाच्या झाडाकडे तोंड करून म्हणाली, "लाईट कवा यायची कुणास ठावं."

झाड काही बोललं नाही. थोड्या वेळाने रहिमतबी आपल्या कोंबडीला म्हणाली, "आठला येती म्हणत्यात."

झालं. एवढंच. पण मला माझ्या उभ्या आयुष्यात कुणी इतकं जपून तोंडात धरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वाक्य जरा लांबलं. "लाईट न्हाई, दळान तसंच पडलंय, ज्ञानूला ताप हाय, त्येला भाकरी कशी करू?" हे लिंबाला. ज्ञानू म्हणजे बनुबाईचा मुलगा. कोंबडीला उत्तर मिळालं, "पीठ काय, आमच्यात हाय की." आणि भिंतीवर पिठाचा डबा येऊन बसला. पीरमहंमदला सिमेंटच्या धुळीने खोकला लागला, तेव्हा "लाईट नसली की ह्यांची उबळ लय वाढती" असं कोंबडीला कळलं, आणि सकाळी भिंतीवर अडुळशाचा काढा. क्रांतीला मुलगा झाला, रहिमतबीची सून नांदायला आली, पीरमहंमद गेला, पाठोपाठ बनुबाईचा नवराही गेला, कुणाची विहीर आटली, कुणाला पाणी लागलं, सगळं माझ्या पाठीवरून इकडून तिकडे गेलं. सुरुवात माझ्यापासून व्हायची. माझ्या नसण्याबद्दल बोलतोय असं दाखवून दोघी सगळं बोलायच्या. त्या लग्नाचं तेवढं कुणी काढायचं नाही.

आणि मी आले, की संपलं. पोरं ओरडायची, "आली रंऽ!" दोघी डोळे किलकिले करून उठायच्या, एकमेकींकडे न बघता आत जायच्या. बनुबाई मला बघून हात जोडायची, पण त्या हात जोडण्यात थोडा राग असायचा. मला तो कळायचा.

शिवांजली, ज्ञानूची मुलगी, परीक्षेसाठी डिक्शनरी मोठ्याने वाचायची. माझ्या नावापुढे अर्थांची ही मोठी रांग. मी कान देऊन ऐकायची. त्या दोन उंबऱ्यांमध्ये माझा जो अर्थ होता, तो त्या रांगेत कुठेच नव्हता. मला माहेरच्यांची कीव आली, खरं सांगते.

पुढे दिवस बदलले. गावाची लाईन शेतीच्या लाईनीपासून वेगळी झाली, भारनियमन संपलं. मी आले ती आलेच. गावाने पेढे वाटले. बनुबाईच्या दारावर पांढरा एलईडी बल्ब लागला, त्यात अंगणातली मुंगीसुद्धा दिसायची. घरोघरी टीव्ही सुरू झाले, उंबरे रिकामे पडले. अशा लख्ख उजेडात लिंबाच्या झाडाशी कोण बोलणार? वेड लागलं म्हणतील. दोघी गप्प झाल्या. पहिला अबोला रागाचा होता. हा दुसरा नुसताच होता, आणि तो जास्त वाईट होता. मी रात्रंदिवस घरात असून माझा जीव रमेना.

ज्ञानू आता कुपवाडला कारखान्यात आहे, तिथेच फ्लॅट घेतलाय. गेल्या उन्हाळ्यात तो म्हणाला, "आई, आता एकटी राहू नगंस. सामान बांध." बनुबाई होय म्हणाली. टेम्पो ठरला. मग तिच्या लक्षात आलं, रहिमतबीशी बोलायला आता एकच संध्याकाळ उरली.

ती वायरमन भाऊसोला गाठायला चावडीपाशी गेली.

"भाऊसो, आज सांजच्याला जरा लाईट घालव की रं."

भाऊसो गाडीवरून खालीच उतरला. "आवं मावशी, लाईट का गेली म्हणून शिव्या देणारी लय बघितली. घालव म्हणणाऱ्या तुमी पयल्याच."

"जास्त बोलू नगंस. घालवतोस का न्हाई?"

"कशापायी पर?"

"जरा काम हाय."

"अंधारात कसलं काम काढलंय ह्या वयात?"

बनुबाईने पदर तोंडाला लावला. भाऊसो हसायचा थांबला, पण मान हलवत म्हणाला, "न्हाई जमायचं, मावशी. लगेच वरनं फोन येत्यात. नोकरी जाईल माजी."

त्या संध्याकाळी बनुबाई तरीही उंबऱ्यावर येऊन बसली. बऱ्याच वर्षांनी. थोड्या वेळाने पलीकडचं दार वाजलं आणि रहिमतबीही बसली. तिला सामानाचं कळलं होतं. वर बल्ब भगभगत होता. दोघींचे पिकलेले केस, हातावरच्या शिरा, सगळं दिसत होतं. बनुबाईने दोनदा बल्बकडे बघितलं. मी तिच्या जिभेच्या टोकावर येऊन बसले होते, पण काय म्हणणार? कवा यायची? मी तर समोरच होते. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. मला तिथून जायचं होतं आणि जाता येत नव्हतं. टीव्हीवरच्या मालिका संपल्या, तशा दोघी आत गेल्या.

सकाळी टेम्पो आला. भांडी चढली, ट्रंक चढली, गाद्या चढल्या. राहिली ती बनुबाईची शेळी. फ्लॅटमध्ये शेळी कुठे बांधणार? ज्ञानूने बाजाराच्या माणसाला बोलावलं होतं. त्याने दावं सोडायला हात घातला, तेवढ्यात रहिमतबी भिंतीला वळसा घालून आली. भर दिवसा, सगळ्यांच्या देखत. तिने त्या माणसाच्या हातातून दावं ओढून घेतलं.

"हिला बाजार दावतीस व्हय गं? मी काय मेले?"

हे ना झाडाला होतं, ना कोंबडीला.

बनुबाईलाही राग आला. "तुला कसं इचारू? बोलती व्हतीस का तू?"

"बोलत नसले म्हणून शेळी वळखत न्हाई व्हय मी? हिच्या आयची आय माझ्या हातात व्याली."

"क्रांतीच्या लग्नात कुठं गेली व्हतीस मग? पाट ठेवला व्हता तुझ्यासाठी. शेवयाचा. कुणाला शिवू दिला न्हाई मी."

"गावाला आवतान दिलंस आन् मला?"

"घरच्या माणसाला आवतान देत्यात व्हय, येडे?"

दावं रहिमतबीच्या हातातच होतं. ती मटकन खाली बसली आणि मोठ्याने रडायला लागली, लहान पोरासारखी. बनुबाई तिच्याजवळ बसली, तिच्या पाठीवर थापट्या मारत स्वतःही रडायला लागली. "मला सांगायचं न्हाई का गं," रहिमतबी म्हणाली. "तू इचारलंस का," बनुबाई म्हणाली. पुन्हा तिथेच भांडण, पुन्हा रडणं. टेम्पोवाल्याने हॉर्न दिला, तर दोघींनी मिळून त्याला झापलं. तोही बिचारा लिंबाखाली जाऊन झोपला. ज्ञानूने चहा केला. टेम्पो हलायला दुपार उलटली.

त्या सगळ्या बोलण्यात मी होते का? नव्हते. सकाळपासून दुपारपर्यंत दोघींनी आयुष्यभराचं बोलून घेतलं आणि एकदाही मला तोंडात घेतलं नाही. मी बाजूला उभी होते. मला वाईट वाटलं, नाही म्हणत नाही. आणि आनंदही झाला, तो वाईट वाटण्यापेक्षा जास्त होता.

आता मी बनुबाईबरोबर कुपवाडला आहे. फ्लॅटमध्ये इन्व्हर्टर आहे, मी जात नाही. माझं काम फारसं उरलेलं नाही. बिल आलं की ज्ञानू माझं नाव घेऊन चिडतो, शिवांजली फिकट रंगाचा ड्रेस मागताना मला हाक मारते, एवढंच. संध्याकाळी बनुबाई फोन कानाला लावून बसते. पलीकडे रहिमतबी असते. शेळीचं दूध, गुडघेदुखी, सुनांच्या तक्रारी, सगळं सरळ चालतं. मी कोपऱ्यात बसून ऐकते.

जाता जाता एक मागणं आहे. तुमच्याही शेजारी, तुमच्याही घरात कुणी असेल, ज्याच्याशी तुम्ही कधीचे बोललेला नाहीत. मी जाईन आणि मग बोलू, असं ठरवून बसला असाल, तर बाबांनो, आता मी जात नाही. उठा, आणि चालू उजेडातच बोलून घ्या.