एकीचीही तक्रार नाही

ताई डाव्या हातात पट्टा धरून माझ्या जनावरांच्या दवाखान्यात शिरली. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. खिडकी घट्ट बसली होती, तिने जरा जोर लावला आणि मनगट मोडलं. वय शेहेचाळीस. आठ महिन्यांत हे दुसरं हाड. पहिल्या वेळी नुसत्या खोकल्याने बरगडीला चीर गेली होती. तेव्हा घरातले सगळे हसले होते, ताईसुद्धा. मी मात्र उठून पाणी प्यायला गेले होते.

पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला भोपळी होती. पाच महिन्यांची, मोठ्या जातीची कुत्री, पंजे अंगाच्या मानाने दुप्पट. भाचीने हौसेने आणली, आणि ती कॉलेजसाठी परगावी गेल्यावर हे ध्यान ताईच्या गळ्यात पडलं.

"हिचं ऑपरेशन करून टाक एकदाचं," ताई म्हणाली. "पुढच्या महिन्यात सहा पूर्ण होतील. तुझ्याच भिंतीवर लिहिलंय ना, सहाव्या महिन्यात उरकून घ्या म्हणून."

लिहिलं होतं खरं, तेही माझ्याच अक्षरात. सोळा वर्षं मी येणाऱ्या प्रत्येकाला हेच सांगत आले. हे वर्षभर तो कागद काढीन काढीन म्हणते, पण काढला की कुणीतरी कारण विचारणार, म्हणून तो तसाच आहे. भित्रेपणा, दुसरं काय.

एक फोन झाला होता, सात वर्षांपूर्वी. ताईच्या गर्भपिशवीत गाठी झाल्या होत्या, रक्तस्राव थांबत नव्हता, पिशवी काढायची ठरली होती. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला, तेव्हा माझ्यासमोर टेबलावर एक मांजर उघडं होतं आणि मदतनीस बाईंनी फोन माझ्या कानाला लावून धरला होता.

"डॉक्टर विचारतायत, अंडाशयं ठेवायची की तीही काढायची," ताई म्हणाली. "चांगली आहेत म्हणाल्या. काय करू गं?"

"ठेवून काय लोणचं घालणार आहेस?" मी म्हणाले. "मुलं व्हायची ती झाली. काढून टाक सगळं. मी रोज चार-पाच जणींची काढते, आजवर एकीचीही तक्रार नाही."

मदतनीस बाई खळखळून हसल्या. पलीकडून ताईही हसली. अर्ध्या मिनिटात मी मोकळी झाले आणि पुन्हा मांजराकडे वळले. ताईने सगळं काढून टाकलं.

गेल्या वर्षी आम्हा जनावरांच्या डॉक्टरांची एक परिषद झाली. हजारो कुत्र्यांच्या नोंदी तपासलेलं संशोधन कुणीतरी मांडत होतं. मोठ्या जातीच्या कुत्र्यांची नसबंदी वर्षाच्या आत केली, तर पुढे सांध्यांचे आजार जास्त दिसतात. मी मान डोलावत टिपणं घेत होते. मग वक्ता सहज म्हणाला, बायकांच्या बाबतीत तर हे आपल्याला कधीचंच ठाऊक आहे, पाळी जायच्या आधी अंडाशयं काढली की हाडं ठिसूळ होण्याचा धोका वाढतो, हृदयाचाही. माझं पेन तिथेच थांबलं. कधीचंच ठाऊक! म्हणजे मी तो फोन घेतला तेव्हाही ठाऊक होतं. एखादं पुस्तक उघडायचं होतं. तेवढंही नको, 'मला माहीत नाही' एवढं म्हणायचं होतं. पण मला माहीत नाही असं म्हणायची मला सवयच नव्हती.

"कुठे हरवलीस?" ताईने विचारलं. "तारीख दे."

"आत्ता नको करूया," मी म्हणाले. "दीड वर्षाची होऊ दे."

"का?"

"मोठी जात आहे. हाडं, सांधे पूर्ण वाढू देत. नवीन संशोधन आलंय." मी भराभर बोलत सुटले. ऑपरेशन वाईट नाही, कायमचं टाळायचंही नाही, नाहीतर पुढे पिशवीत पू होतो, स्तनात गाठी होतात. फक्त वेळ साधायची. तोवर माजावर आली की सांभाळायचं, बाहेर मोकळं सोडायचं नाही. "अंडाशयातून जे रस निघतात, ते नुसते पिल्लांसाठी नसतात. हाडांनाही लागतात," असं माझ्या तोंडून निघून गेलं आणि मी जीभ चावली.

ताई प्लास्टरकडे बघत होती.

"कुत्रीच्या हाडांना लागतात," ती सावकाश म्हणाली. "आणि माणसाच्या?"

मी भोपळीला टेबलावर चढवलं आणि स्टेथोस्कोप तिच्या छातीला लावला. ऐकायचं काही नव्हतं, पण कानात काहीतरी घातलेलं बरं वाटलं. वेळ मारून न्यायची ठरवलं असतं, तर ते जमलंही असतं. माणसांचं वेगळं असतं, असं म्हटलं की झालं. ताईने विश्वास ठेवला असता, नेहमीच ठेवत आली आहे. त्याच विचाराने मला स्वतःची शिसारी आली.

मी स्टेथोस्कोप काढला.

"माणसाच्याही लागतात," मी म्हणाले. "ताई, अंडाशयं तू माझ्या सांगण्यावरून काढलीस. मी काही न वाचता, न विचारता सांगितलं, वर विनोद केला. हे मला वर्षभर माहीत आहे आणि मी गप्प बसले. तुझं मनगट माझ्यामुळे मोडलंय."

बाहेर कुणाचं तरी कुत्रं भुंकलं, भोपळीने कान टवकारले. ताईने तिला डाव्या हाताने थोपटलं.

"हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं मला, मागच्या आठवड्यात," ती म्हणाली. "गोळ्या सुरू केल्यात. त्याचं काय एवढं, चूक सगळ्यांच्याच हातून होते."

मला हायसं वाटलं. खोटं कशाला सांगू, क्षणभर वाटलंच.

"पण एक सांग," ताई म्हणाली. "सल्ला द्यायला डॉक्टरीणबाई माझ्या समोर बसल्या होत्या. मी बाहेर जिन्यात येऊन तुला फोन कशाला केला असेल?"

मी स्टेथोस्कोपची नळी गुंडाळायला लागले.

"घाबरले होते गं. काहीतरी विचारायला हवं म्हणून ते अंडाशयांचं विचारलं. मला वाटलं, माझ्या आवाजावरून तुला कळेल. थांब, येते मी, असं म्हणशील. तू आलीस ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी."

"तू हसली होतीस," मी कशीबशी म्हणाले.

"तू विनोद केलास, मग हसले."

मी तिच्याजवळ जायला निघाले, पण मध्ये टेबल होतं. तेवढ्यात तिने पट्टा ओढून भोपळीला टेबलावरून खाली उतरवलं, एका हाताने. मी मदतीला धावले, तोवर तिचं काम झालंही होतं.

"मी येत जाईन तुझ्याबरोबर," मी म्हणाले. "हाडांच्या डॉक्टरकडे. दर वेळी."

"बघू," ताई म्हणाली. दारापाशी ती थांबली आणि पट्टा डाव्या मनगटाला गुंडाळून घेत म्हणाली, "दीड वर्षाची झाली की आणते हिला. पण त्या दिवशी मी इथेच बसेन, ही शुद्धीवर येईपर्यंत. डोळे उघडल्यावर तिला आपलं माणूस दिसायला हवं."