मोकळा हात

मानवजातीचा सारा इतिहास हा हातांचा इतिहास आहे. हातांनी विस्तव पेटवला, हातांनी चाक घडवलं, हातांनीच ग्रंथ लिहिले आणि हातांनीच साम्राज्यं उलथवली. यातला एकही हात नीट धुतलेला नव्हता, असं चष्मेवाल्याचं ठाम मत होतं, आणि त्यामुळे इतिहासाविषयी त्याला फारसा आदर नव्हता.

त्यात त्याचा तरी काय दोष? दिवसभर दुकानात बसून तो लोकांचे चष्मे दुरुस्त करायचा. चष्मा नाकावर जिथे टेकतो, तिथल्या त्या दोन इवल्याशा गाद्यांखाली काय साठतं हे ज्याने बघितलंय, त्याला माणसाविषयी भव्यदिव्य काही वाटणं अवघडच. हिरवट, मऊ, जरासं तेलकट असं काहीतरी तो चिमट्याने काढायचा, आणि गिऱ्हाईक पुढे वाकून कौतुकाने विचारायचं, ‘माझंच का हो हे?’ मग चष्मेवाला उठून हात धुवायचा. प्रत्येक गिऱ्हाइकानंतर धुवायचा. बायको म्हणायची, एक दिवस तळहातावरच्या रेषाही धुऊन जातील, मग भविष्य कशावर बघणार?

पण जगातल्या समस्त हातांमध्ये एका हाताची त्याला खास शिसारी यायची. तो हात साडूचा होता.

साडू, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, हा माणूस ऐसपैस, दिलदार आणि जेवताना मनगटापर्यंत रंगणारा. दर रविवारी दुपारचं जेवण त्याच्याकडे. टेबलाच्या टोकाला साडू आणि कोपऱ्याला लागून, त्याच्या अगदी हाताशी, चष्मेवाला. ही जागा साडूनेच मोठ्या प्रेमाने नेमून दिली होती. रस्सा भुरकून झाला की साडू अंगठ्यापासून सुरुवात करून एकेक बोट मुळापर्यंत चोखायचा, डावा हात चष्मेवाल्याच्या मनगटावर मायेने दाबायचा आणि तो ओला, चकाकणारा उजवा हात सरळ चष्मेवाल्याच्या ताटात घालायचा. म्हणायचा, बघू, तुमच्याकडे मीठ बरोबर आहे का. रस्सा सगळ्यांना एकाच पातेल्यातून वाढलेला असायचा. पण मिठाचं काय सांगावं, असा साडूचा सावध विचार असावा.

ताटातली ती जागा चष्मेवाला भाताची भिंत घालून वेगळी काढायचा, आणि साडू भिंतीतही बोट घालायचा. शेवटी एका रविवारी त्याला असा काही उमासा आला की तो ताट तसंच टाकून उठला आणि मोरीकडे पळाला.

घरी येऊन चपला काढल्यावर बायको म्हणाली, “ताईने मला लहानाची मोठी केलीय. पुन्हा अर्ध्या जेवणातून उठलात, तर मी तिच्याकडेच राहीन. भावजींना एक शब्द बोललात, तरी तिथेच राहीन.”

ही बाई बोलली की करणारी होती, आणि तिच्याशिवाय दिवस काढायचे ही कल्पना चष्मेवाल्याला साडूच्या बोटांहूनही नकोशी होती. म्हणजे उठायचं नाही, बोलायचं नाही, आणि तो हात तर येणारच. जागाही बदलून मागता येईना, कारण मागायचं म्हणजे बोलणं आलं.

अशात एक ठेंगणी, पिकल्या केसांची बाई वाकडा झालेला चष्मा घेऊन दुकानात आली. शिकवणीत कुणाचं तरी कोपर लागलं म्हणाली. कसली शिकवणी, तर हात अडकवण्याची. दोन माणसं इतकी जवळ की हात उगारायलाही जागा नाही, अशा वेळी समोरच्याचे हात तिथल्या तिथे जखडायचे, ही त्यातली विद्या. चष्मेवाल्याने चिमटा खाली ठेवला आणि बसून करता येतं का, असं विचारलं. बाई म्हणाली, बसून येतं, उभ्याने येतं, लिफ्टमध्ये तर फारच छान येतं.

शिकवणी एका लाँड्रीच्या मागच्या खोलीत भरायची. खोलीत परक्यांच्या कपड्यांची वाफ कोंडलेली, भिंती घामेजलेल्या. चष्मेवाला रबरी हातमोजे घालून हजर झाला. बाईने ते काढायला लावले. हातमोजे बहिरे असतात, म्हणाली.

जोडीला मिळाला एक मालिशवाला. भला माणूस, पण थेट कामावरून यायचा. त्याच्या हातांवर तेल असायचं, आणि ते तेल दिवसभर ज्या पाठींवरून फिरून आलं होतं, त्या पाठी चष्मेवाल्याला डोळ्यांसमोर दिसायच्या. कुणाची केसाळ, कुणाची पुळ्यांची. त्याने दोन बोटांच्या चिमटीत ते मनगट धरायचा प्रयत्न केला, तर ते माशासारखं निसटलं आणि त्याच्या गालावर येऊन थडकलं. गालालाही तेल लागलं.

“पकडू नका,” बाई म्हणाली. “पकडलंत की तुम्हीच अडकलात. चिकटा. मनगटाला मनगट लावून ठेवा. तो रेटेल तेव्हा वळा, तो हात मागे घेईल तेव्हा त्याच्या मागोमाग जा. नजर लावून काही होत नाही. कातडीने ऐका.”

चिकटा! ज्या माणसाने दाराच्या मुठीशीही कधी सलगी केली नाही, त्याला हा उपदेश. पण बायकोचा चेहरा आठवून तो चिकटला. मालिशवाल्याच्या मनगटाला मनगट लावून, श्वास तोंडाने घेत, तो गोल गोल हात फिरवत राहिला. घरी येऊन कोपरांपर्यंत साबण लावायचा आणि पुढच्या वेळी पुन्हा जायचा. हळूहळू त्याच्या कातडीला ऐकू येऊ लागलं. समोरचा हात निघायच्या आधीच तो निघणार हे कळायला लागलं. तेलकट मनगट पकडून थांबत नाही, पण कोपराजवळ अलगद भार दिला की मुकाट खाली बसतं, हेही कळलं. शेवटी एके दिवशी मालिशवाल्याचा एक हात दुसऱ्यावर आडवा पडला आणि दोन्ही हात चष्मेवाल्याच्या एकट्या डाव्या हाताखाली गप्प झाले.

बाई खूश झाली. म्हणाली, आता तुमचा उजवा हात मोकळा. सगळा खटाटोप या मोकळ्या हातासाठीच असतो.

“त्याने काय करायचं?” चष्मेवाल्याने विचारलं.

“ते ज्याचं त्याने बघावं. बहुतेक लोक नाकावर हाणतात.”

नाक हा शब्द ऐकून चष्मेवाल्याने तोंड वाकडं केलं. नाकांशी त्याचा दुकानात येतो तेवढा संबंध पुरे होता.

त्या आठवड्यात बायको त्याच्या हनुवटीवरचा साबणाचा फेस पुसायला गेली, तर तिचेही दोन्ही हात जखडले गेले. ती दचकली नाही. म्हणाली, एवढे जवळ बसलात, हे काय कमी आहे.

मग रविवार आला. साडूने रस्सा भुरकला. अंगठा चोखला, तर्जनी चोखली, करंगळीपाशी जरा रेंगाळला. डावा हात चष्मेवाल्याच्या डाव्या मनगटावर आला. चष्मेवाल्याने मनगट फक्त वळवलं, आता त्याचा हात वर होता आणि साडूचा खाली. ओला उजवा हात ताटाकडे निघाला. तो निघायच्या आधीच चष्मेवाल्याच्या कातडीने ऐकलं होतं. उजव्या हाताने त्याने तो वाटेतच दाबून साडूच्याच डाव्या हातावर आडवा पाडला, वरून आपला डावा सरकवला आणि भार दिला. ताटात शिंतोडासुद्धा उडाला नाही. टेबलापलीकडे दोघी बहिणी कुणाच्या तरी भाडेकरूविषयी बोलत होत्या, त्यांना काही कळलंही नाही.

आता सुखाने जेवायचं, म्हणून चष्मेवाल्याने मोकळा हात घासाकडे नेला आणि मध्येच थांबवला. हाच हात साडूच्या त्या ओल्या हाताला लागून आला होता. बोटांवर पिवळसर काहीतरी चमकत होतं. हात मोकळा होता, पण जेवणाच्या कामाचा राहिला नव्हता. डाव्या हाताखाली साडूची गरम, बुळबुळीत बोटं मंद वळवळत होती, आणि उठून हात धुवायची सोय नव्हती.

साडूने हात सोडवायची काहीच धडपड केली नाही. तो एकटक त्या हातांकडे बघत होता. त्याचे डोळे भरून आले.

“साडूभाऊ,” तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, “इतक्या वर्षांत तुम्ही आपण होऊन कधी हात लावला नाहीत मला. मी हिला म्हणायचो, त्यांना आपली किळस येते.”

भाडेकरू तिथेच राहिला. थोरल्या मेहुणीने पदर डोळ्यांना लावला. आणि बायको नवऱ्याकडे अशा नजरेने बघत होती, जशा नजरेने तिने लग्न ठरल्यानंतर एकदाच बघितलं होतं. आता हात सोडायचा तर तो ताटात येणार, आणि सोडला तर ही नजरही जाणार. चष्मेवाला तोंडाने श्वास घेत चिकटून राहिला.

साडूने एकदा नाक ओढलं. मग दुसऱ्यांदा ओढलं. नाकपुडीच्या टोकाशी एक थेंब जमत होता.

“तुमचा उजवा हात मोकळाच दिसतोय,” साडू म्हणाला. “जरा माझं नाक पुसता का?”