सावकाश फिरणारा दोर

मी एक जुना दोर आहे. एकट्यानं उड्या मारायची ती लहान दोरी नव्हे, मित्रांनो. दोघांनी दोन टोकं धरून फिरवायचा आणि अख्ख्या वर्गानं मध्ये उभं राहून उड्या मारायच्या, असा जाडजूड, लांबलचक दोर. सध्या मी शाळेमागच्या सामानाच्या खोलीत खुंटीवर लटकत असतो. इथून समुद्र दिसत नाही, पण त्याची गाज ऐकू येते. ती ऐकता ऐकता मला गुंगी येते, आणि गुंगीत मी पुन्हा फिरू लागतो.

माझा जन्म जपानच्या किनाऱ्यावरच्या कामोउरा या मासेमारीच्या गावात झाला. उमेकिची नावाचे एक म्हातारे गृहस्थ होड्यांसाठी दोर वळत. त्यांनी अंगणात ताग पसरला, त्याचे तीन पेड केले आणि पीळ देत देत मला घडवलं. वळताना माझ्या एका पेडात ताग जरा जास्त गेला. त्यामुळे मी इतर दोरांपेक्षा जड झालो, अंगानं थोडा ओबडधोबडही झालो. उमेकिचींनी मला हातात तोललं आणि म्हणाले, "हा काही होडीला चालायचा नाही. याची गाठ धड बसणार नाही."

माझे भाऊ होड्यांबरोबर दूर समुद्रात गेले. मला मात्र घरामागे दोन खांबांना ताणून बांधलं आणि माझ्यावर माकुळं, ती लांब सोंडांची मासळी, वाळत घातली. ती वाऱ्यावर हलत, आणि मी त्यांच्या खालून क्षितिजावरच्या होड्या बघत राही. मी असा जड का झालो, हा एकच विचार तेव्हा माझ्या मनात घोळत असे.

एका वसंतात कुवाबाराबाई दोर शोधत आल्या. त्या शाळेत चौथीला शिकवत. उमेकिचींनी मला खांबावरून सोडलं.

"मुलांना जड नाही का होणार?" बाईंनी विचारलं.

"होऊ दे की जड. हलका दोर आमच्या इथल्या वाऱ्यात टिकतो का? फिरवायला गेलात तर पतंगासारखा भरकटेल."

असा मी शाळेत आलो. माझ्या अंगाचा वास काही जाईना, म्हणून मुलांनी माझं नाव 'माकूळकाका' ठेवलं. मला ते आवडलं. तोवर मला काका म्हणणारं कुणीच नव्हतं.

मित्रांनो, फिरताना काय वाटतं ते मी तुम्हाला कसं सांगू? दोन मुलं दोन टोकांना उभी राहतात, हात फिरवतात, आणि माझ्या अंगातून एक लाट निघते. मी वर जातो तेव्हा आभाळ जवळ येतं. खाली येतो तेव्हा मैदानाची वाळू मला चाटून जाते. आणि या वर-खालीमध्ये हवेत एक खोली तयार होते. तिला भिंती नाहीत, दार नाही. दर क्षणाला ती मोडते आणि पुन्हा उभी राहते. त्या खोलीत मुलांचे पाय एकदम उचलले जातात, एकदम टेकतात. त्या वेळी मला वाटे, होड्यांबरोबर गेलेल्या माझ्या भावांना असलं सुख मिळत नसणार.

त्याच वर्गात सायोको होती. बुटकीशी, गालाला खळी पडणारी मुलगी. तिचं डोकं बरोबर चाले, गाणं छान येई, कागदाचे पक्षी तर ती बोलता बोलता करी. फक्त तिचे पाय तिचं जरा उशिरा ऐकत. सगळे उडी मारून खाली येत, तेव्हा सायोको वर निघालेली असे. मग मी तिच्या घोट्याला अडकून धपकन थांबे, आणि खोली मोडे.

तिला कुणी रागावत नसे. सगळे फक्त एक निःश्वास टाकत. अगदी हलका, ऐकू आला न आला असा. मी जमिनीवर पडलेला असल्यानं मला तिचे पाय दिसत. त्या निःश्वासाबरोबर तिच्या पायांची बोटं पातळ कापडी बुटात आक्रसत.

शरद ऋतूत शाळेचा क्रीडादिन असे. सारं गाव डबे आणि चटया घेऊन मैदानाभोवती बसे. त्या दिवशी चौथी आणि पाचवीची माझ्यावर उड्यांची स्पर्धा ठरलेली. शिट्टी ते शिट्टी ज्यांच्या उड्या जास्त, त्यांच्या वर्गात वर्षभर निळा झेंडा लागे. दोर फिरवण्याचं काम वर्गाचा म्होरक्या तेत्सुया आणि उंच हारुए यांच्याकडे होतं. तेत्सुया मनानं वाईट नव्हता. झेंडा मात्र त्याला फार हवा होता.

एक दिवस सराव झाल्यावर मला गुंडाळता गुंडाळता तो सायोकोला म्हणाला, "ए, ऐक ना. त्या दिवशी समजा तुझं पोट दुखलं, तर कुणी काही म्हणणार नाही हं."

सायोको हसली. गालाला खळीसुद्धा पडली. "दुखेलही," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासूनच तिचं पोट दुखायला लागलं. सराव सुरू झाला की ती गिंकोच्या झाडाखाली जाऊन बसे. पिवळी पानं तिच्या टोपीवर पडत आणि ती त्यांना झटकतही नसे. बाईंच्या लक्षात आलं. त्यांनी तिला उड्या मोजायचं काम दिलं, गळ्यात शिट्टी अडकवली. "आता तूही संघात आहेस," त्या म्हणाल्या. त्यांना वाटलं, प्रश्न सुटला. सायोको मोठ्यानं मोजू लागली, आणि तिचा आवाज दिवसेंदिवस बारीक होत गेला.

मग एके दुपारी समुद्रावरून धुकं आलं. मैदानाची पलीकडची कड दिसेनाशी झाली. हारुएला सर्दी झाली होती, ती घरी होती. बाई म्हणाल्या, "सायोको, तू धर ते टोक."

तिनं मला दोन्ही हातांनी धरलं. तिचे तळवे गार आणि ओलसर होते. तेत्सुयानं पलीकडून जोर लावला. पण मित्रांनो, माझी दोन टोकं दोन वेगांनी फिरू शकत नाहीत. सायोको तिच्या चालीनं फिरवत होती, सावकाश, खोल श्वास घ्यावा तशी. तेत्सुयाला तिच्याबरोबर यावंच लागलं. दुसरा एखादा हलका दोर असता तर इतक्या सावकाश फिरताना तो मध्येच कोसळला असता. मी जड होतो, म्हणून माझी कमान टिकली. धुक्यात मी वर गेलो, तिथं जरासा रेंगाळलो आणि पुन्हा खाली आलो. इतक्या शांतपणे मी आजवर कधी फिरलो नव्हतो.

मुलं मात्र धडाधड अडकली. सवयीनं ती आधीच उडी मारून खाली येत, आणि मग मी येई.

"नीट फिरव की गं!"

"नीटच फिरवतेय," सायोको म्हणाली.

"परत एकदा," बाई म्हणाल्या.

पुन्हा तेच झालं. या वेळी अडकली ती मिनेको. वर्गातली सगळ्यात चपळ मुलगी, सबंध वर्षात ती एकदाही अडकली नव्हती. ती हातांवर पडली आणि मुलांनी निःश्वास टाकला. तोच, हलका. मिनेको कानापर्यंत लाल झाली. तिचे डोळे भरून आले.

"असं काय बघताय सगळे माझ्याकडे?"

धुक्यात लाटांचा आवाज तेवढा येत होता. मग माझ्या टोकाकडून सायोको बोलली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, एखाद्याला रस्ता सांगावा तसं ती बोलली.

"माझ्याकडे असंच बघता तुम्ही. रोज."

मिनेको उठली. तिनं गुडघ्यांची वाळू झटकली आणि बराच वेळ झटकतच राहिली. तेत्सुयानं माझं टोक एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. "सायोको, तू आत जा," तो शेवटी म्हणाला. "बाई, तुम्ही ते टोक धरता? आत्ता फिरत होता तसाच फिरवू."

सायोको आत आली. तिनं डोळे मिटून घेतले. मी वाळूला घासून गेलो, ती ऐकत उभी राहिली, आणि मग वर उठली. मी तिच्या पायांखालून गेलो. पुन्हा गेलो. तिच्या घोट्याला माझा स्पर्शही झाला नाही. ती एकटीच उड्या मारत होती आणि बाकीची मुलं भोवती उभी होती. चाल चुकली की पायांचं काय होतं, ते आता त्यांनाही ठाऊक होतं.

पण गोष्ट इतक्यावर संपली नाही. सावकाश फिरायचं म्हणजे उड्या कमी होणार, हे कुणालाही कळत होतं.

"पाचवीवाले आपल्याला हसून हसून लोळतील," तेत्सुया म्हणाला.

"मग जोरात फिरवा," सायोको म्हणाली. "तरी मी येणारच. माझे पाय असेच आहेत, मी अडकेन. पण आता पोट दुखतंय म्हणून सांगणार नाही. माझं पोट कधी दुखलंच नव्हतं."

तेत्सुयानं मान खाली घातली. "माहितेय मला," तो पुटपुटला.

"सावकाशच फिरवू या ना," मिनेको म्हणाली. "मला आता कुठे जमायला लागलंय."

काही मुलं कुरकुरली. एकानं तर घरी जाऊन आईकडे तक्रारही केली. तरी मुलं त्या चालीला रुळत गेली. घाई सोडून वाट बघणं त्यांना जड जात होतं, पण जमलं.

क्रीडादिनाला आभाळ निरभ्र होतं. पाचवीची पाळी आधी आली. त्यांनी मला असं गरगरवलं की माझे पेड चरचरले. मग चौथीची मुलं उभी राहिली, मधोमध सायोको. मी सावकाश वर गेलो. चटईवरून कुणीतरी ओरडलं, "अरे, झोप लागली काय रे?" लोक हसले. तेत्सुयाचे कान लाल झाले, पण त्याच्या हाताचा वेग बदलला नाही. एकदा सायोको अडकली. एकदा मिनेको अडकली. कुणी निःश्वास टाकला नाही. "चला, परत," एवढंच सगळे म्हणाले.

निळा झेंडा पाचवीकडे गेला. तेत्सुया रडला, हेही खरं. सायोकोनं त्याला सातूच्या गार चहाचा पेला नेऊन दिला. त्यानं तो घेतला आणि एका दमात संपवला.

जेवणाची सुट्टी झाली. लोकांनी डबे उघडले. चौथीच्या दोघा मुलांनी मला पुन्हा उचललं आणि तसंच सावकाश फिरवायला सुरुवात केली. तेव्हा पहिलीची दोन पिल्लं आत घुसली. या वेगात त्यांनाही जमत होतं. मग एक आई आली, कडेवरचं मूल घेऊन. मग सायोकोची आज्जी एप्रन बांधलेलीच उठली, हातात भाताचा अर्धा गोळा तसाच. तिचे पाय जमिनीपासून कसेबसे सुटत होते, तेवढं मला पुरत होतं. "अगं आज्जी, पडशील," सायोको म्हणाली. "पडले तर उचल," आज्जी म्हणाली. पाचवीचा म्होरक्याही ऐटीत आत आला आणि पहिल्याच उडीला अडकला. तो चिडून बाहेर निघाला, तेव्हा सायोकोनं त्याची बाही धरली.

"थांब. आधी त्याचा आवाज ऐक. मग उडी मार."

त्या दुपारी माझ्या हवेतल्या खोलीत इतकी माणसं होती, की ती कुठे सुरू होते आणि कुठे संपते, ते मलाही कळेना.

त्यानंतर किती तरी वर्षं मी फिरलो. पुढे रंगीत, हलके नायलॉनचे दोर आले आणि मी या खुंटीवर आलो. माझी तक्रार नाही. फक्त ओल धरली की पेड कुजतात. म्हणून कधी या खोलीचं दार उघडलंत, तर मला एखादा दिवस उन्हात पसरा.

आणि मित्रांनो, कुणी तुमच्याबरोबर वारंवार अडखळत असेल, तर त्याच्या पायांकडे बघण्याआधी तुमचा दोर किती जोरात फिरतोय ते बघा. आणि तुमचेच पाय उशिरा ऐकणारे असतील, तर त्यांच्यावर रुसू नका. ते तुमचे आहेत, ते ऐकतात. दोर कुठलाही असो, माझ्यासारखा जुना किंवा दुकानातून आणलेला नवा. त्याचं टोक हातात आलं, की आत येणाऱ्याला एवढंच विचारा, "किती जोरात फिरवू?" आणि तो उत्तर देईपर्यंत थांबा.