शटरवरचं नाव

“‘बाई’ दिसून राह्यली भागवत, ‘पुष्पा’ न्हाई!” रस्त्यापलीकडून, आपल्या किराणा दुकानाच्या पायरीवरून साहेबराव ओरडला.

शिडीवरच्या भागवतने मान वळवली. “मंग काय दिसतं?”

“डांबराचा गोळा! म्हशीनं बसकण मारल्यावानी.”

भागवत उतरला, रस्ता ओलांडून साहेबरावाशेजारी उभा राहिला. खरंच होतं. पिठाच्या गिरणीच्या बंद शटरवर ‘पुष्पाबाई’ लिहिताना ष आणि प एकमेकांना चिकटले होते, दोघांची पोटं बुजली होती. जाड अक्षराचं असंच असतं. बाहेरून ते कितीही दांडगं दिसो, पोटात मोकळी जागा ठेवली तरच वाचता येतं.

भागवत जाफराबादेतला जुना पेंटर. त्याच्या अक्षराला गावात ‘बुटाचं अक्षर’ म्हणत. शिरोरेघ विटेएवढी जाड, उभ्या रेघाही तेवढ्याच, आणि प्रत्येकीच्या पायाशी आडवी चपटी पट्टी, बूट घातल्यासारखी. धावत्या एसटीतूनही वाचावं असं अक्षर. खतवाले, टायरवाले, कुस्त्यांची दंगल भरवणारे, सगळ्यांना तेच हवं असे. बाईचं नाव असलं की मात्र पेंटर मंडळी बारीक, तिरकं, नाजूक अक्षर काढत. तशी रीतच होती आणि भागवतनेही ती कधी मोडली नव्हती.

पण त्याच्या बायकोला, पुष्पाबाईला, नाजूक अक्षर लागतच नसे. ती शाळेत गेलेली नव्हती. गिरणीच्या दारात उभं राहून, नवऱ्याने रंगवलेल्या समोरच्या पाट्या बघत ती वाचायला शिकली. आधी ‘खत’, मग ‘टायर’, मग ‘दंगल’. तिचं सगळं वाचन असल्या जाड अक्षरांवरच चाले. भागवत पाट्या रंगवत गावोगाव हिंडे, गिरणी तीच चालवी. पिठाची धूळ छातीत साचत गेली. जालन्याच्या दवाखान्यात, नाकात नळी असताना, तिने त्याला सांगितलं होतं, “गिरणीवर माझं नाव लिवा. बुटाचं लिवा. म्या सोता वाचंन.”

सकाळी दवाखान्यातून मुलाचा, कल्याणचा फोन आला होता. डॉक्टरांनी तिला घरी न्यायला सांगितलं होतं, जीप करून तो तिला आणत होता. त्याचा अर्थ बापलेकांना कळला होता.

“ऱ्हाऊ दे आता,” साहेबराव म्हणाला. “गिरणी कोणाची, अख्ख्या तालुक्याला ठावं हाय.”

“तिला वाचता आलं पाह्यजे. जीपमधून, पडल्या पडल्या.”

“येडाच हाईस बिलकुल,” साहेबराव पुटपुटला. मग आवाज चढवून म्हणाला, “बरं, जल्दी कर. म्या हितून बघतो.”

भागवतने घासलेटच्या फडक्याने ओलं नाव पुसून काढलं. शटरच्या खाचांमधूनही फडकं फिरवलं. या वेळी त्याने ष आणि प जरा लांब बसवले. ष च्या पोटातली तिरकी रेघ बारीक ठेवली.

“आली, पुष्पा आली!” गिऱ्हाईक तसंच सोडून साहेबराव पायरीवर उभा. “वहिनी पैलवानावानी हुबी ऱ्हायली गड्या!”

भागवत हसला. शेवटच्या ई ला तो रंग भरत होता, तेवढ्यात जीप आली.

आधी पुष्पाबाईची बहीण दैवशाला उतरली. ती शटरकडे बघत राहिली, शिडीकडे तिने बघितलंच नाही.

“राजूरपस्तोर बोलत आल्ती, दाजी,” ती म्हणाली. “नाव लिवलं का म्हणून इचारत व्हती. मंग न्हाई बोलली.”

भागवत शिडीवरून उतरला. हातातला ब्रश त्याने डब्यात ठेवला की खाली टाकला, हे त्याचं त्यालाही कळलं नाही.

घर गिरणीच्या मागे होतं आणि घरात जायची वाट गिरणीतूनच. माणसं जमली. दोघं शटर वर करायला वाकले, तसा भागवत मध्ये उभा राहिला.

“ओलं हाय,” तो म्हणाला. “गुंडाळलं की पुसंल.”

“आबा, आईला रस्त्यावर ठिवायचं का?” कल्याणचा आवाज फाटला. भागवत शटरसमोरून हलला नाही. कल्याणने वर बघितलं. नाव पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं.

“हितंच ठिवा,” तो म्हणाला.

साहेबरावाने दुकानातली सतरंजी आणून गिरणीच्या ओट्यावर अंथरली. पुष्पाबाईला शटरला लागून निजवलं. दुपारचं ऊन रस्त्यावर तापत होतं. भागवत तिच्या उशाशी बसला आणि खांद्यावरच्या पंच्याने माश्या हाकलत राहिला, कधी तिच्या तोंडावरच्या, कधी ओल्या अक्षरांवरच्या.