हजाराच्या पुढे

नव्या खोलीत सामान आत आलं आणि मी आधी बघितला तो विजेचा मीटर. नळाला पाणी आहे का, खिडकी लागते का, ते सगळं नंतर. आमच्या घरची खोडच तशी. बाबा मीटर वाचायला घरोघर जायचे. एखादा जबरी क्रमांक दिसला की घरी आणायचे आणि जेवायला बसायच्या आधी आम्हा दोघा भावंडांपुढे टाकायचे, "फोडा!" म्हणजे कशाने भाग जातो ते शोधा. कशानेच जात नसेल तर तो एकांडा. दादा नेहमी माझ्याआधी सांगायचा आणि वर मला टपली मारायचा. आगाऊ कुठला!

माझ्या मीटरचा क्रमांक निघाला दहा लाख बावीस हजार एकशे सतरा. मी शिवणकाम करते, त्यामुळे कपडे बेतायच्या खाकी कागदाला तोटा नाही. खडू घेतला आणि भागाकार मांडत बसले. तिनाने नाही, साताने नाही, तेराने बाकी पाच. एक बाई ब्लाउज न्यायला आली, बाही अजून तशीच बघून फणकाऱ्याने निघून गेली. जाईना का! आमचे हे गेल्यापासून दिवसभर बोलायला असतं कोण? निदान हा आकडा तरी माझ्याशी झुंजत होता. हजारापर्यंत सगळं करून पाहिलं. एकांडाच! म्हटलं, बरोबर आहे, हा माझ्याच वाट्याला यायचा.

कधी एकदा दादाला सांगते असं झालं. पण वहिनीने आधीच बजावलं होतं, "वन्सं, ते आता कुणालाच ओळखत नाहीत. परवा पोटच्या मुलाला 'आपण कोण' म्हणून विचारलं. फोन करू नका, तुम्हालाच लागेल."

मला असा राग आला! बायकोला विसरेल, मुलाला विसरेल, मला कसा विसरेल? मला टपल्या मारून हात झिजलाय त्याचा. पण खरं सांगू? रागाच्या खाली नुसती भीती होती. आई-बाबा गेले, हे गेले. मला लहानपणापासून ओळखणारं माणूस तेवढं एकच उरलंय.

दुपारी फोन लावलाच. वहिनीने कुरकुरत तो त्याच्या हातात दिला.

"दादा, मी बोलतेय."

"आपण कोण?"

आपण! जन्मात त्याने मला अगं-तुगंशिवाय हाक मारली नव्हती. नाव सांगायचं बळच राहिलं नाही. तोंडातून एवढंच निघालं, "दहा लाख बावीस हजार एकशे सतरा. एकांडा आहे."

पलीकडे तो हसला. तेच ते चिडवणारं हसू.

"कोण म्हणतं? त्यात चार मिळवा, एक हजार अकराचा वर्ग होतो. चार म्हणजे दोनाचा वर्ग. मग एक हजार अकराच्या दोन घरं अलीकडे, दोन पलीकडे. एक हजार नऊ गुणिले एक हजार तेरा. तुम्ही कुठवर भागून बघितलंत?"

"हजारापर्यंत."

"तरीच! आमची धाकटी अगदी अशीच. हजार आला की कंटाळलीच म्हणून समजा. कितीही टपल्या मारा, ढिम्म."

मी तोंडावर हात दाबून धरला. मग विचारलं, "कुठे असते ती?"

"काय ठाऊक. एक फोनसुद्धा करत नाही हो." त्याचा आवाज एकदम बारीक झाला. "तुम्हाला कुठे भेटली तर सांगाल? दादा आठवण काढतो म्हणावं."

"सांगते," मी म्हटलं.